पाणी देऊन सांगायची गोष्ट

नाव्रोंगो, ४ सप्टेंबर १९७४

मास्तर,

तुम्हाला, तुमच्या व्हरांड्याला आणि कुंपणापलीकडच्या माझ्या आईला नमस्कार. छपरावर चढून बसणाऱ्या तुमच्या कोंबड्यांनाही. त्यांना विसरले तर आई म्हणेल, उत्तरेत जाऊन पोर रीतभात विसरली.

आधी बातमी. मला पुन्हा दिवस गेलेत. हे आईला वाचून दाखवताना आवाज खाली ठेवा. पहिला नाव ठेवायच्या आत गेला, दुसरा रडलाच नाही, आता हा तिसरा. मला भीती वाटते, मास्तर. इथे ती कुणाला सांगू? कफुई नवरा खरा, पण दिवसभर धरणाच्या कामावर असतो आणि संध्याकाळी कानात यंत्रांची घरघर घेऊन येतो. मी शिकवते त्या शाळेतल्या बाया चांगल्या आहेत, पण आपसात त्यांच्या भाषेत हसतात आणि मी आले की इंग्रजी सुरू करतात. म्हणजे मी आले की हसणं संपतं.

म्हणून मी गोष्टी लिहिते. रेडिओवर शनिवारी संध्याकाळी गोष्ट वाचतात ना, तिथे दोन पाठवल्या. दोन्ही सुखरूप घरी परत आल्या, या पत्रासोबत धाडल्यात. एक कफुईला वाचून दाखवली, तर तो मध्येच उठून कालवण ढवळायला गेला. हा माणूस एरवी चुलीकडे फिरकत नाही. तुम्ही वर्गात म्हणायचा, गोष्ट अशी सांगा की ऐकणाऱ्याचं कालवण करपलं पाहिजे. ते कसं करपवायचं, तेवढं आता शिकवा.

आईसाठी: आई, शेवटच्या महिन्यात इकडे ये. बाळाला पहिली आंघोळ तूच घालायचीस. दुसरी कुणी नको.

तुमची विद्यार्थिनी,
सेफाकोर

*

आन्लोगा, २२ सप्टेंबर १९७४

सेफाकोर,

पत्र मिळालं. आवाज खाली ठेवून वाचलं. तुझ्या आईला ऐकू आलं नाही म्हणून मोठ्याने वाचलं. आता आख्ख्या गल्लीला माहीत आहे.

तुझ्या दोन्ही गोष्टी मी वाचल्या. पोरी, तू सगळं शेवटपर्यंत झाकून ठेवतेस आणि मग झाकण काढून दाखवतेस. झाकलेल्या भांड्यासमोर माणूस किती वेळ बसेल? उलट कर. एक माणूस सकाळी चप्पल घालायला निघाला आहे. चपलेत विंचू आहे. हे ऐकणाऱ्याला आधी सांगून टाक, घालणाऱ्याला सांगू नकोस. मग त्याला सावकाश पाय धुऊ दे, शेजाऱ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारू दे. तो जेवढा निवांत, तेवढा ऐकणारा कासावीस. हा जाणण्यातला उपरोध. एकाला माहीत आहे, एकाला नाही, आणि मधल्या फटीत गोष्ट धडधडते.

दुसरा बोलण्यातला उपरोध. त्याचा नमुना माझ्या समोर स्टुलावर बसला आहे. तुझी आई सांगते ते जसंच्या तसं लिहितो.

“लिहा मास्तर. त्या आळशी बाईला सांगा, पुन्हा पोटात कचरा घेऊन बसलीस ते ऐकलं. मला काही कौतुक नाही. त्याचं नाव उकिरड्या. उकिरडा कुणी चोरून नेत नाही. ज्याला न्यायचंच असेल त्याने दुसऱ्या घरी काहीतरी बरं बघावं. लिहिलंत? मोठ्या अक्षरात लिहा, वरून वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. येईन म्हणावं, कांदे निघाले की येईन. त्या घाणीला आंघोळ मीच घालीन, दुसऱ्याचे हात कशाला खराब करायचे. आणि मास्तर, मी सांगते तेच लिहिताय ना? की मनचं घालताय? बघ गं, कसे साधूसारखं तोंड करून बसलेत. म्हणजे नक्कीच काहीतरी घातलं.”

मी काही घातलेलं नाही. फक्त एक पाहिलं ते लिहितो. कचरा म्हणताना ती मांडीवरचं कापड हाताने सारखं करत होती, तान्ह्याला थोपटावं तसं. तोंड एक बोलतं आणि हात दुसरं. ऐकणाऱ्याला त्या दोन्हींच्या मधली भीती ऐकू आली पाहिजे, तरच तो जागेवरून हलत नाही.

तिसरा उपरोध पुढे कधीतरी सांगेन. तुझी आई कालवणाचा वाडगा आणायला गेली आहे. ते गार झालेलं तिला खपत नाही.

तुझा मास्तर,
गेर्शन दोत्से

*

केटा, ११ ऑक्टोबर १९७४

मास्तर दोत्से यांस,

घरच्या मंडळींची बैठक झाली. काय ठरलं ते कळवतो.

माझी बहीण आब्ला कांद्याच्या वाफ्याला पाणी घालताना पडली ती उठली नाही, हे तुम्ही शेजारी असल्याने जाणताच. मंगळवारी जन्मली म्हणून आब्ला नाव, मंगळवारीच गेली. काल माती दिली. मोठा दुखवटा आम्ही पुढे ढकलला आहे.

कारण सेफाकोर. तिची दोन मुलं गेली आहेत आणि तिसरं पोटात आहे. अशा बाईला आईचं मरण सांगत नाहीत. ती जमिनीवर निजेल, डोकं भादरेल, रडेल, आणि पोटातलं आजीच्या मागे चालू लागेल. तेव्हा मूल जन्मून, आठवा दिवस होऊन, त्याला घराबाहेर आणेपर्यंत तिला काही कळता कामा नये. मग घरचं माणूस जाईल, तिला समोर बसवेल, हातात पाणी देईल आणि तोंडाने सांगेल. पाणी देऊन सांगितली नाही तोवर बातमी ही बातमी नव्हे. तिच्या नवऱ्याला कळवलं आहे. तो गप्प राहील.

बैठकीला बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुम्ही घरचे नाही. पण आब्लाची पत्रं तुमच्या हाताने जातात, आणि ती थांबली की पोरीला संशय येईल. तेव्हा ती चालू ठेवा.

कोब्ला

*

नाव्रोंगो, ३० ऑक्टोबर १९७४

मास्तर,

विंचू सापडला. गोष्ट सांगते, चूल विझवून बसा.

किनाऱ्यावरचं गाव. एक मच्छीमार होडीसकट बुडाला. गावाला माहीत आहे, बायकोला नाही, कारण सण तोंडावर आहे आणि तो पार पडेपर्यंत तिला सांगायचं नाही असं म्हाताऱ्यांनी ठरवलंय. ती रोज संध्याकाळी नवऱ्यासाठी कालवण करते आणि झाकून ठेवते. शेजारणींना विचारते, मीठ बरोबर आहे का गं? त्या चाखतात, मान हलवतात आणि घरी जाऊन रडतात. कफुईला वाचून दाखवली. या वेळी तो जागचा हलला नाही, मास्तर. तोंड उतरलं आणि मग तो बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिला. इतकी चांगली जमली आहे.

पण एक गोष्ट मलाच पटत नाही. आख्खं गाव गप्प कसं बसेल? आपल्या आन्लोगात सकाळी कोंबडी मेली तर दुपारी केट्याला कळतं. इतकी माणसं, आणि एकाच्याही तोंडून निसटत नाही? ऐकणारे हसतील मला. आणि शेवट कसा करू? तिला सण संपल्यावर सांगतात, ती रडते, हे तर कुणीही सांगेल.

आईसाठी: आई, कांदे निघाले का? कधी येतेस ते नीट सांग, म्हणजे कफुई लॉरीवर घ्यायला येईल. उकिरड्या रात्रभर लोळतो आणि मला लोळू देत नाही. तू थोपटलंस तर ऐकेल.

सेफाकोर

*

आन्लोगा, १७ नोव्हेंबर १९७४

सेफाकोर,

उत्तराला उशीर झाला. डोळ्यांना त्रास आहे, मासे भाजण्याचा धूर सारखा इकडेच येतो.

गाव गप्प बसेल का म्हणतेस. बसतं, पोरी. एखाद्यावर जीव असला की बसतं. तू पाहतेस ती बाजू चुकीची आहे. जिला माहीत नाही ती जेवते, झोपते, मीठ विचारते. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे बघ. तो एकटा पडतो. त्याला कुणाशी बोलता येत नाही, आणि जिच्याशी बोलावंसं वाटतं तिच्याशी तर मुळीच नाही. संध्याकाळ झाली की तो कुंपणाकडे बघत बसतो. ते लिही. ते लिहिलंस तर कुणी हसणार नाही.

तिसरा उपरोध राहिला होता, तो घडण्यातला. एक माणूस समुद्राला भ्याला. लाटा दरवर्षी एक-एक घर खात होत्या, म्हणून त्याने बिऱ्हाड उचललं आणि खाडीच्या बाजूला नेलं. समुद्राकडे पाठ करून निवांत झोपला. त्या वर्षी खाडी चढली. माणूस ज्या दाराला कडी लावतो तिकडून काही येत नाही. एवढंच मला माहीत आहे. हा उपरोध शिकवता येत नाही, तो घडायची वाट पाहावी लागते.

तुझ्या आईने सांगितलं ते लिहितो.

“सेफाकोर, माझ्या सोन्या. कांदे निघाले, चांगले निघाले. माझा गुडघा सुजला आहे, लॉरीत बसवणार नाही, म्हणून मला यायला जमेल असं दिसत नाही. मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पोटातलं बाळ गोजिरं असेल, निरोगी असेल. त्याला उदंड आयुष्य मिळो. मी त्याची फार वाट पाहते आहे. तुझी आठवण येते. जपून राहा.”

तुझा मास्तर,
गेर्शन दोत्से

*

नाव्रोंगो, ८ डिसेंबर १९७४

मास्तर,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तुमचं पटलं. गाव गप्प बसतं. मी गोष्टीचा शेवट बदलला आणि पाठवून दिली, आणि काय सांगू, त्यांनी ती घेतली. १८ जानेवारीच्या शनिवारी वाचणार आहेत. शेवट काय केलाय ते सांगत नाही. तुम्ही रेडिओवरच ऐका.

इथे धुळीचा वारा सुरू झालाय. ओठ फुटतात, कपडे वाळत घातले की लाल होतात. शाळेला सुट्टी लागली, म्हणून दिवसभर घरात मी आणि भिंती.

मास्तर, तुम्ही वेळेवर जेवता ना? आई संध्याकाळी तुम्हाला वाडगा आणून द्यायची. गुडघ्यामुळे तिला आता होत नसेल. तिच्या भरवशावर बसू नका, स्वतः काहीतरी शिजवा. आणि व्हरांड्यात गार हवेत फार वेळ बसत जाऊ नका.

आईसाठी: आई, तू येऊ नकोस. रस्ता वाईट आहे, लॉऱ्या बिघडतात. माझं मी करीन. तू विश्रांती घे. उकिरड्या तुझ्यासारखाच भांडखोर निघणार. सगळी लक्षणं वाईट आहेत.

सेफाकोर

*

आन्लोगा, ६ जानेवारी १९७५

कोब्ला यांस,

तुम्ही सांगितलं तसं करतो आहे. पोरीला कसलाही संशय नाही. आईला बोलावण्याचा हट्ट तिने आपणहून सोडला, उलट येऊ नकोस म्हणून लिहिलं. ही देवाचीच कृपा म्हणायची. पत्रं कशी लिहावीत हा मोठा प्रश्न होता, पण जमलं.

आता संकट ऐका. काल चर्चमध्ये गायकमंडळीची पुढारीण भेटली. आब्ला त्यांच्यात गायची, म्हणून त्या स्मरणाची प्रार्थना ठेवताहेत आणि त्याची घोषणा रेडिओवर देणार आहेत, नावागावासकट, मुलीच्या नावासकट. घोषणा कधी लागतील? १८ तारखेच्या शनिवारी, संध्याकाळी, गोष्टीच्या आधी. त्याच दिवशी सेफाकोरची गोष्ट वाचणार आहेत. ती रेडिओला कान लावून बसलेली असेल. सातवा महिना लागलाय तिला. काहीही करा, पण ही घोषणा थांबवा.

आणखी एक, न राहवून लिहितो. मला ही बातमी कुणी समोर बसवून, हातात पाणी देऊन सांगितली नाही. मी त्या दिवशी चष्मा पुसत होतो, आणि कुंपणापलीकडून रडण्याचा आवाज आला. संध्याकाळी मी वाडग्याची वाट पाहिली. म्हातारा माणूस, कळूनही वळलं नाही.

गेर्शन दोत्से

*

केटा, ९ जानेवारी १९७५

मास्तर,

माणूस पाठवला होता. घोषणा गेली आहे, आता परत येत नाही. गायकमंडळीला मी काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. कफुईला तार केली आहे: शनिवारी रेडिओ बिघडव.

पाण्याचं म्हणालात. पाणी घरच्यांना देतात, मास्तर. रागावू नका.

कोब्ला

*

नाव्रोंगो, २० जानेवारी १९७५

मास्तर,

हसा मला. जन्मात पहिल्यांदा माझी गोष्ट रेडिओवर लागली आणि मीच ती ऐकली नाही. ऐन वेळी सेल संपले.

नवीन लुगडं नेसून बसले होते. कफुईसुद्धा कामावरून लवकर आला होता. आणि मग रेडिओ बंद. आम्ही दोघं त्या मुक्या डब्यासमोर थोडा वेळ बसलो आणि मग जेवलो. शेजारी कुणाकडे जायचं तर तिथे आमची भाषा कळणारं कोणी नाही.

तुम्ही ऐकलीत ना? कशी वाचली? शेवटाला त्या वाचणाऱ्या बाईचा आवाज कसा होता? ती घाईने तर वाचत नव्हती? सगळं लिहा, काही गाळू नका. आणि शेवट तुम्हाला पटला का, ते मास्तर म्हणून सांगा.

आईसाठी: आई, तू ऐकलीस का? तुझ्यासाठीच लिहिली होती. माझे पाय सुजलेत. तू काय करायचीस सुजलेल्या पायांना? मीठ घालून पाणी, की राख? विचारायचं राहून गेलं. अशा पुष्कळ गोष्टी विचारायच्या राहून जातात.

सेफाकोर

*

आन्लोगा, ९ फेब्रुवारी १९७५

सेफाकोर,

ऐकली. व्हरांड्यात रेडिओ ठेवला, समोर स्टूल ठेवलं, दिवा लावला. वाचणाऱ्या बाईने घाई केली नाही. “मीठ बरोबर आहे का गं?” हे ती असं म्हणाली की मला हातातला कप खाली ठेवावा लागला. रताळी चुलीवर होती. ती करपली.

आणि शेवट! त्या बाईला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं. नवऱ्याची वल्ही तिने स्वतः किनाऱ्यावर पाहिलेली असतात. तरी ती रोज कालवण करते, रोज झाकून ठेवते, कारण तिने एकदा विचारलं तर गावाला सांगावं लागेल, आणि सांगायला कुणाचीच जीभ वळत नाही हे तिला दिसतं. सगळं गाव तिला सांभाळतंय, आणि ती एकटी गावाला. हे तुला सुचलं कुठून, पोरी? मी तुला विंचू दिला, तू त्याला दोन नांग्या लावल्यास. चाळीस वर्षं शिकवलं त्याचं सार्थक झालं.

तू मास्तर म्हणून विचारलंस, म्हणून एक शंका सांगतो. एवढं मोठं दुःख एकटी बाई इतके दिवस कशी पोटात ठेवेल? कुणाला कळू न देता, हसून, मीठ विचारत? ते मला जरा पटलं नाही. कुठेतरी ती चुकली असती, कुणाला तरी जाणवलं असतं. पुढच्या गोष्टीत याचा विचार कर.

तुझी आई मध्येच पेंगली. म्हणते, “गोष्ट बरी होती, पण त्या बयेने मीठ जास्तच घातलं असणार. सांगा तिला, सुजल्या पायाला कोमट मिठाचं पाणी. आणि भिंतीला पाय लावून नीज, राणीसारखी.”

आता दिवस जवळ आले. मी रोज संध्याकाळी तुझं नाव घेतो.

तुझा मास्तर,
गेर्शन दोत्से

*

नाव्रोंगो, २७ मार्च १९७५

मास्तर,

मुलगी झाली. आठवा दिवस पार पडला. काल तिला घराबाहेर आणलं, छपरावर पाणी फेकलं, आणि वळचणीचे थेंब तोंडावर पडल्यावर ती अशी काही किंचाळली की शाळेतल्या बाया त्यांच्या भाषेत हसल्या, आणि या वेळी मला पाहून थांबल्या नाहीत. पहिली आंघोळ शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईने घातली. चांगले हात आहेत तिचे.

आता लिहिते.

माझ्या आईने पोटातल्या पोराला कधी सोनं म्हटलं नाही. दोन गेल्यावर तर शक्यच नव्हतं. कौतुकाचा एक शब्द वर ऐकू जाईल म्हणून जी बाई पोराला उकिरडा म्हणायची, ती त्याला गोजिरं म्हणून उदंड आयुष्य मागेल? नोव्हेंबरचं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना आई नव्हती. गोष्टीतल्या बाईला किनाऱ्यावर वल्ही दिसली, मला ते पत्र दिसलं. तुम्हाला तिची नक्कल करता आली असती, मास्तर. पण तुमच्याने कचरा हा शब्द लिहवला नाही, कारण तुम्ही रडत होता. मला तुमचा राग आला नाही. मी अंगणात गेले आणि पोटाला मोठमोठ्याने शिव्या दिल्या, कारण आता ते काम करायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मी विचारलं असतं तर तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर सांगावं लागलं असतं. सांगितलं असतं तर मला जमिनीवर निजून रडावं लागलं असतं. त्याने पोटातलं खरंच आजीच्या मागे जातं का, मला माहीत नाही. दोन गेल्यावर माणूस असल्या गोष्टींची परीक्षा पाहत नाही. कुणी हातात पाणी देऊन सांगितलं नव्हतं, म्हणून मला माहीत नव्हतं. एवढ्यावर मी चार महिने काढले. कफुईलाही माहीत होतं, हे मला गोष्ट वाचल्या दिवशीच्या त्याच्या तोंडावरून मागाहून कळलं. रेडिओ बिघडव अशी मामाची तार मी त्याच्या खिशात पाहिली होती, पण माझी गोष्ट होती म्हणून त्याच्याने ते झालं नाही. घोषणांच्या आधीचं गाणं सुरू झालं तेव्हा मीच बटण फिरवलं आणि म्हटलं, सेल संपले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही जेवलो. एका घरात दोघं, दोघांनाही माहीत, आणि मधे भेंडीचं कालवण. तशी एकटी मी दोन्ही पोरं गेली तेव्हाही नव्हते.

तुम्हाला ती बाई पटली नाही म्हणालात. माझी तक्रार नाही. चपलेतला विंचू तुम्हीच मला दाखवलात, पण आपण दोघंही एकमेकांच्या चपलेकडे बघत बसलो होतो. तुमचा तिसरा उपरोध हाच असेल तर तो मला शिकायचा नव्हता. मला फक्त आई हवी होती.

कोब्ला मामाचं पत्र आलंय, आईच्या तब्येतीबद्दल बोलायला येतो म्हणतो. मी त्याला लिहिलं, तुम्ही येऊ नका, मास्तरांना पाठवा. तो म्हणेल, घरचं माणूस हवं. त्याचंही उत्तर लिहिलंय, मास्तर घरचे आहेत, हे मुलीच्या आईने ठरवलं.

तर तुम्ही या. मला समोर बसवा, हातात पाणी द्या आणि तोंडाने सांगा. मी तोवर रडणार नाही, सगळं ठेवून दिलं आहे. मग माझं रडून झालं की तुम्ही बसा. मी तुमच्या हातात पाणी देईन आणि तुम्हाला सांगेन की मास्तर, आब्ला गेली. कारण तुम्हालाही कुणी सांगितलेलं नाही, मला माहीत आहे.

आईसाठी: आई, पोर अगदी कुरूप आहे. नाक तुझं, रंग मातीचा, आवाज कावळ्याचा. कुणी नेणार नाही, नेलं तरी परत आणून टाकेल. तिचं नाव उकिरडी. मोठ्या अक्षरात लिहिलंय.

मास्तर, एवढं स्टुलासमोर मोठ्याने वाचा, आणि मग लॉरी पकडा. कालवण मी झाकून ठेवते.

सेफाकोर